खाऱ्या वाऱ्यातल्या घरासाठी हार्डवायर्ड स्मार्ट चार्जर निवडावा कसा?

प्रश्न : कलमवाला, देवगड तालुका

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमचे घर जुने, चिरेबंदी आणि कौलारू असून समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. मीटर पुढच्या पडवीत आहे. गाडी मात्र खळ्याच्या खालच्या अंगाला, गडग्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. केबल ज्या वाटेने न्यावी लागेल त्याच वाटेने टेप धरून मोजले तेव्हा मीटरपासून शेडच्या भिंतीपर्यंत ३८ मीटर भरले. गेल्या दिवाळीत ४५ किलोवॉट-तास बॅटरीची गाडी घेतली. रोजची धाव सरासरी ६० किलोमीटर आहे आणि महिन्यातून दोनदा करूळ घाटाने कोल्हापूरला जाणे होते. गाडीच्या आतला चार्जर ७.२ किलोवॉटपर्यंत घेऊ शकतो.

आजवर गाडीबरोबर मिळालेला ३.३ किलोवॉटचा पोर्टेबल चार्जर पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून, त्यासाठी गाडी खळ्यात वर आणून, काम भागवले. शिमग्याच्या सुमारास एका रात्री जळका वास आला म्हणून उठून पाहिले, तर सॉकेटचे एक भोक काळे पडले होते आणि प्लगची पिन आत चिकटून बसली होती. सॉकेट दोन वर्षांचेही नव्हते. उघडल्यावर आतल्या पितळेवर हिरवट थर दिसला. तेव्हापासून घरातल्यांनी रात्री गाडी लावायला बंदी केली आहे आणि मला ती मोडायची नाही.

म्हणून प्लग-सॉकेटची भानगडच नको, शेडच्या भिंतीवर थेट वायरिंगला जोडलेला, म्हणजे हार्डवायर्ड, चार्जर बसवावा असे ठरवले आहे. परदेशी व्हिडिओ पाहिले, पण त्यांतले ४८ अँपिअर आणि ६० अँपिअरचे ब्रेकर आमच्या घरात कुठे बसवायचे ते उमगले नाही. ७.४ किलोवॉटचा घ्यावा की ३.३ किलोवॉटचाच भिंतीवर बसवावा? स्मार्ट, म्हणजे ॲपवरून चालणारा, म्हणून जे जास्तीचे पैसे मागतात, त्यांतले आमच्या गावात उपयोगाचे काय? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २०५ ते २१० असते, आणि गणपतीत चाकरमानी आले की १९० पर्यंतही उतरते. कनेक्शन सिंगल फेज आहे. विहिरीवर दीड अश्वशक्तीचा पंप, एक गिझर आणि एक एसी आहे.

उत्तर : निवृत्त विद्युत अभियंता, चिपळूण

आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण या सगळ्या कामात चार्जर ही सर्वांत सोपी वस्तू आहे आणि सर्वांत जास्त चर्चा तिचीच होते.

भिंतीवरच्या ज्या डब्याला आपण चार्जर म्हणतो तो एसी वीज तशीच गाडीकडे सोडतो. एसीचे डीसी करून बॅटरी भरण्याचे काम गाडीच्या आतला चार्जर करतो. डब्यात मुख्यतः एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच), गळती ओळखणारे सर्किट आणि गाडीशी बोलणारी एक तार असते. त्या तारेवरून सेकंदाला हजार वेळा स्पंदणारा संकेत जातो आणि प्रत्येक स्पंदनाचा किती भाग चालू आहे यावरून गाडीला कमाल करंट कळतो: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. याचा व्यवहारातला अर्थ असा की ७.४ किलोवॉटचा डबा घेतला तरी तो आयुष्यभर १६ अँपिअरवर बांधून ठेवता येतो. मात्र ही मर्यादा केवळ ॲपमधून बदलता येते की आत स्विच किंवा कायमची सेटिंगही आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. मी आतून बांधलेल्या मर्यादेवर विश्वास ठेवीन.

अमेरिकी व्हिडिओंचा गोंधळ सोडून द्यावा. तिकडे सतत चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, म्हणून ६० च्या ब्रेकरवर ४८ अँपिअर. तिकडचे मोठे सॉकेटही आपल्यासारखेच वितळतात, त्यामुळे थेट जोडणीचा आग्रह तिथूनच जास्त ऐकू येतो. आपल्याकडे गाडीला टाइप २ कनेक्टर असतो, सिंगल फेजवर कमाल ३२ अँपिअर घेतले जातात, आणि उपकरण भारतीय मानक आयएस १७०१७ नुसार असल्याची खात्री करावी.

आता केबल. ३८ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ७६ मीटर तांबे. ६ स्क्वेअर एमएमच्या तारेतून ३२ अँपिअर नेले तर साडेसात व्होल्ट वाटेतच पडतात आणि सुमारे २४० वॉट उष्णता जमिनीत जाते. १० स्क्वेअर एमएम वापरली तर घट साडेचार व्होल्टवर येते. १६ अँपिअरवरच चालवायचे असेल तर ६ स्क्वेअर एमएमच्या तारेतही पावणेचार व्होल्ट घट आणि सुमारे ६० वॉट उष्णता एवढेच राहते, कारण करंट निम्मा केला की उष्णता चौथाई होते. आपल्याकडे मुळातच २०५ व्होल्ट येत असल्याने हे साडेसात व्होल्ट महाग आहेत. माझा सल्ला १० स्क्वेअर एमएम तांब्याच्या आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेल्या, केबलचा आहे, मग सुरुवातीला चार्जर १६ वर ठेवला तरी हरकत नाही. जांभा पुन्हा फोडण्यापेक्षा तांबे स्वस्त पडते. पंपासाठी आपल्याकडे सर्रास टाकतात ती ॲल्युमिनियमची केबल सुचवली गेली तर दोन्ही टोकांना बायमेटल लग (दोन वेगळे धातू जोडणारी टोपणे) आहेत का ते पाहावे, कारण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि पितळ यांचा सांधा फार लवकर खातो.

पंप सुरू, गिझर सुरू आणि एसीही सुरू असताना २५ अँपिअरच्या आसपास भार होतो. त्यात ३२ मिळवले की आपले सिंगल फेज कनेक्शन पुरणार नाही. पूर्ण वेगाने चार्ज करायचे असेल तर मंजूर भार वाढवून थ्री फेज घ्यावे लागेल. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराच्या चाचणी अहवालासह महावितरणकडे अर्ज करावा. १६ अँपिअरवरही मंजूर भार तपासून घ्यावा लागेलच.

सुरक्षेसाठी या एका लाइनला स्वतंत्र ४० अँपिअरचा दोन पोल एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा ब्रेकर) आणि स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर) असावा. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी एसी टाइपचा आरसीसीबी असतो. गाडीच्या बाजूने डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो, म्हणजे खरी गळती होऊनही पडत नाही. म्हणून चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे असे पत्रकात लिहिलेले असेल तर बाहेर टाइप ए चालतो, नसेल तर महागडा टाइप बी लावावा लागतो. विक्रेता याचे उत्तर देऊ शकला नाही तर दुसरा विक्रेता शोधावा.

आणि अर्थिंग. आपले घर कातळावर असेल तर इतर काही ठरवण्यापूर्वी अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्या, आणि ती आत्ताच, पाऊस पडण्यापूर्वी करा. श्रावणात मोजलेले अर्थिंग सगळ्यांचेच चांगले निघते. वैशाखात कातळ सुकला की तेच कित्येक पटींनी बिघडते आणि मग गाडी चार्ज घ्यायला नकार देते. लोक गाडीला दोष देतात.

उत्तर : घरगुती निवास चालवणारा, मालवण

काकांनी वायरिंगचे सर्व सांगितलेच आहे, म्हणून मी वापराबद्दल लिहितो. आमच्या अंगणात सुमारे तीन वर्षांपासून ७.४ किलोवॉटचा हार्डवायर्ड स्मार्ट चार्जर आहे, त्यावर आमची गाडी आणि पर्यटकांच्या गाड्या चार्ज होतात.

पहिला चार्जर वर्षभरात गेला. डब्यावर आयपी६५ छापलेले होते, पण त्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या झोतासाठी असतो. मिठासाठी त्यात अंकच नाही. डब्याचे स्क्रू साध्या लोखंडाचे होते, ते गंजून फुगले, झाकणाचे रबर उचलले गेले आणि आत दमट हवा शिरली. शिवाय केबल वरच्या बाजूने घेतल्यामुळे आडव्या पावसाची झड तिच्यावरून ओघळून थेट ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथल्या बुचापर्यंत, पोचत असे. दुसऱ्या वेळी प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या, डब्याचा घेतला, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे लावले, केबल खालून घेतली आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. सॉल्ट मिस्टची, म्हणजे आयईसी ६००६८-२-५२ ची, चाचणी झाली आहे का असेही विचारले. तीन विक्रेत्यांपैकी एकाला प्रश्न कळला, त्याच्याकडून घेतला.

भिंत निवडताना नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस लक्षात घ्यावा. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत टाळावी, आणि पागोळ्या जिथे पडतात तिथून चार्जर दोन हात आत असावा. पत्र्याचे शेड असेल तर पत्र्याखालची दुपारची उष्णताही मोजावी लागते, कारण आतले तापमान वाढले की बरेच चार्जर आपणहून करंट कमी करतात. आणखी एक गोष्ट कुठल्याच पत्रकात सापडणार नाही: ग्लँडमध्ये केबलभोवती जराशी जरी फट राहिली तरी तिथून मुंग्या आणि पालीची पिल्ले आत जातात. आमच्या शेजाऱ्यांच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये पाल चिकटून मेलेली मी स्वतः पाहिली आहे. केबलच्या जाडीचाच ग्लँड घ्यावा.

स्मार्टपणाबद्दल मी थोडा कडवट आहे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून वाय-फाय बाहेर येत नाही आणि वीज गेली की राउटरही जातो. ज्या चार्जरचे वेळापत्रक दूरच्या सर्व्हरवर राहते तो अशा वेळी एक तर चार्ज करतच नाही किंवा भलत्या वेळी सुरू होतो. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. वेळापत्रक डब्याच्या आत साठते का? इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून सेटिंग बदलता येते का? वीज जाऊन परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होते का, आणि होत असेल तर थोडे थांबून होते का? आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीतून चार वेळा वीज जाते, त्यामुळे तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीज परत येते त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि गावातले सगळे फ्रिज-पंप एकदम सुरू होतात. चार्जरने त्या गर्दीत शिरू नये. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून घरगुती स्मार्ट चार्जरना असा यादृच्छिक विलंब सक्तीचाच केला आहे, त्यामुळे तिकडेही विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये ही सोय असते.

ओसीपीपी १.६ हा चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचा खुला प्रोटोकॉल चार्जरमध्ये असावा असे मी आग्रहाने सांगेन. उत्पादकाने उद्या सर्व्हर बंद केला तर निदान दुसऱ्या सर्व्हरला तो जोडता येतो. आमच्यासारख्यांना पाहुण्यांच्या वापराचा हिशेब ठेवायला कार्ड आणि युनिटची नोंद लागते. आपल्याला केवळ कुलपापुरते कार्ड पुरे.

उत्तर : गुहागरकर

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी एक साधा हिशेब मांडतो. रोज ६० किलोमीटर म्हणजे, किलोमीटरमागचा खर्च आणि चार्जिंगमधली घट धरून, १० युनिटच्या आसपास. ३.३ किलोवॉटने ते तीन तासांत भरतात. कोल्हापूरहून परत आल्यावर बॅटरी २० टक्क्यांवर असली तरी पूर्ण भरायला ४० युनिट, म्हणजे साधारण १२ तास लागतील, आणि ही वेळ महिन्यातून दोनदाच येते. मग थ्री फेज, १० स्क्वेअर एमएम आणि ॲप हे सगळे कशासाठी? शेडमध्ये झाकणाचे निळे इंडस्ट्रियल सॉकेट बसवून तोच पोर्टेबल चार्जर वापरला तर काय बिघडले? माझे दोन पावसाळे असेच गेले आहेत.

उत्तर : निवृत्त विद्युत अभियंता, चिपळूण

गुहागरकरांचा हिशेब बरोबर आहे आणि थ्री फेज नको या मताशी मी सहमत आहे. सॉकेटबद्दल मात्र नाही. इंडस्ट्रियल सॉकेटची पकड घरगुती सॉकेटपेक्षा नक्कीच चांगली असते, परंतु रोज काढायचा-घालायचा सांधा समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर ठेवला की पितळेवर थर येणारच. थर आला की रोध वाढतो, रोध वाढला की तोच सांधा तापतो, आणि तापला की स्प्रिंग सैल पडून रोध आणखी वाढतो. मूळ प्रश्नकर्त्यांच्या सॉकेटचे हेच झाले. इस्त्री दहा मिनिटे चालते म्हणून ते चालून जाते. गाडी सलग कित्येक तास पूर्ण करंट ओढते. थेट जोडणीत हा सांधा स्क्रूखाली कायमचा दाबलेला आणि बंद डब्यात राहतो. तोही वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वीज बंद करून आवळून घ्यावा.

थेट जोडणीची एक अडचण मात्र कोणी सांगितली नाही. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून टाकायची आपली सवय इथे चालत नाही. म्हणून चार्जरशेजारी हाताला येईल असा दोन पोलचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) आणि पडवीतल्या बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची उसळी जमिनीत सोडणारे उपकरण) बसवावा. सर्ज प्रोटेक्टरच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवल्या तर त्याचा उपयोग बराच कमी होतो. वळीव आणि परतीचा पाऊस या दोन काळांत गाडीला लावलेली चार्जरची गन (कनेक्टर) काढून ठेवावी हे उत्तम.

प्रश्नकर्ता : कलमवाला, देवगड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल ठेकेदाराला बोलावून मोजणी करून घेतली. जुन्या अर्थिंगचा रोध २२ ओहम भरला आणि संध्याकाळी न्यूट्रल व अर्थ यांच्यात ६ व्होल्ट दिसले. विहिरीजवळच्या लोखंडी पाइपला अर्थ जोडला की काम होईल असे तो म्हणतो. हे योग्य आहे का? आणि रात्रीच्या वेळापत्रकाचा काही फायदा बिलात होतो का? आमचे घरगुती बिल १५० युनिटच्या आसपास असते.

उत्तर : निवृत्त विद्युत अभियंता, चिपळूण

पाइपला अर्थ मुळीच जोडू नये. उद्या पाइपाचा एक तुकडा पीव्हीसीचा बदलला की अर्थ गेला आणि ते कोणाला कळणारही नाही. शिवाय गळती झाली तर विहिरीवर पाणी भरणाऱ्याच्या हातात ती येईल.

२२ ओहमचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. फेज तार डब्याला लागली तर २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअर जमिनीत जातील. ४० चा एमसीबी एवढ्याने कधीच पडणार नाही, म्हणजे डब्यात वीज उतरलेलीच राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडेल. आरसीसीबीवाचून या कामाला हात लावू नये असे मी म्हणतो ते यासाठीच. तरीही २२ वर समाधान मानू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट वाढले किंवा अर्थ कमजोर वाटला तर चार्जर आणि गाडी दोन्ही दोष दाखवून थांबतात, आणि गणपतीत भार वाढल्यावर आपले ६ व्होल्ट ६ राहणार नाहीत. शेडजवळ तांब्याचा मुलामा असलेला रॉड भोक पाडून उतरवावा, भोवती बेंटोनाइटयुक्त (ओल धरणाऱ्या मातीचे) मिश्रण भरावे, आणि असे दोन खड्डे एकमेकांपासून रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर घेऊन जोडावेत. जुन्या पद्धतीने मीठ-कोळसा आणि जीआय पाइप घातला तर मीठ आधी पाइपलाच खाते. इच्छित आकडा चार्जरच्या पत्रकात दिलेला असतो, तो ठेकेदाराला लेखी द्यावा.

उत्तर : घरगुती निवास चालवणारा, मालवण

बिलाबद्दल मी सांगतो. आपल्या धावेने महिन्याला २८० ते ३०० युनिट वाढतील. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात, म्हणजे आपण ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जाल आणि गाडीचे बरेचसे युनिट त्याच महाग दराने पडतील. स्वतंत्र मीटर घेऊन वाहन-चार्जिंगच्या दराने बिल घेण्याची सोय आहे. दोन्ही दर आणि स्थिर आकार समोर ठेवून बेरीज करावी.

रात्रीच्या वेळापत्रकाचा सल्ला बहुतेक परदेशातून आला आहे. आपल्याकडे टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौर वेळेत मिळते. गाडी दुपारी घरी असेल तर तेव्हाच लावावी. व्होल्टेजही संध्याकाळपेक्षा बरे असते. पुढेमागे छतावर सौर पॅनेल घेण्याचा विचार असेल तर उरलेल्या सौर विजेवर चालणारा चार्जर म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. कोणताही चार्जर ६ अँपिअरच्या, म्हणजे सुमारे १.४ किलोवॉटच्या खाली उतरू शकत नाही, आणि नेट मीटरिंग असेल तर उरलेली वीज एरवीही ग्रिडमध्ये जमा होते.

भार सांभाळणारी सोय मात्र आपल्या घरासाठी खरोखर कामाची आहे. मीटरपाशी एक छोटी क्लॅम्प बसते, ती घरचा एकूण करंट मोजते आणि पंप सुरू झाला की चार्जरला आपोआप खाली उतरवते. त्यासाठी क्लॅम्पपासून चार्जरपर्यंत संकेताची तार लागते. चर खोदाल तेव्हा वीज केबलच्या पाइपाशेजारी दुसरा रिकामा पाइप दोरी ओवून टाकून ठेवा. आमच्याकडे तो टाकला नाही म्हणून आज खळे पुन्हा फोडावे लागत आहे. दोन्ही पाइपांची तोंडे फोमने बुजवा, नाहीतर घुशी त्यात घर करतात.

प्रश्नकर्ता : कलमवाला, देवगड तालुका

ठरले. ७.४ किलोवॉटचा, टाइप ए आरसीसीबीसह, आतून १६ अँपिअरवर बांधलेला, वेळापत्रक डब्यातच साठवणारा. केबल १० स्क्वेअर एमएम तांब्याची, दोन नवे अर्थ, आणि चार्जर शेडच्या पूर्वेच्या भिंतीवर. आंब्याच्या पेट्या पुढच्या आठवड्यात निघाल्या की खळे रिकामे होईल, तेव्हा वळिवाच्या आधी चर खोदून घेतो. शेडजवळ कलमांची मुळे आडवी येतात, त्यांना वळसा घालावा लागेल, म्हणून केबल ३८ ऐवजी ४२ मीटर मागवली आहे.